रानमुलखातील प्रश्नमंजूषा : प्रश्न घडवण्यापासून निकाल लावण्यापर्यंत

प्रश्नमंजूषा म्हणजे ठरावीक नियमांनुसार प्रश्न विचारून संघांच्या ज्ञानाची आणि तर्काची कसोटी घेणारी स्पर्धा. अशी स्पर्धा एका दिवसात न संपवता अनेक आठवडे ठरलेल्या क्रमाने खेळवली आणि प्रत्येक वेळचे गुण साठवत नेले की तिला साखळी स्पर्धा म्हणतात. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात पबमध्ये, म्हणजे वस्तीतील लोक संध्याकाळी जमतात अशा मद्यगृहांमध्ये, या साखळ्यांचा मोठा प्रसार झाला. भारतात त्याआधीच, १९६७ साली, कोलकात्यात नील ओब्रायन यांनी सर्वांना खुली असलेली प्रश्नमंजूषा घेऊन या खेळाची पायाभरणी केली होती. या सगळ्या प्रकारांत एक सूत्र समान आहे : स्पर्धेला परीक्षेची भीती नसते, शिक्षक, शेतकरी, दुकानदार आणि विद्यार्थी एकाच मेजाभोवती बसतात, आणि कोणाच्या डोक्यात काय साठलेले आहे हे गावाला पहिल्यांदाच कळते.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तेथे या खेळाचे घर मद्यगृह असू शकत नाही आणि असण्याची गरजही नाही. सार्वजनिक वाचनालय, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, ग्रामपंचायतीचे सभागृह, आश्रमशाळेचा व्हरांडा किंवा महाविद्यालयाचा मोठा वर्ग यांपैकी कोणतीही जागा या कामी पुरेशी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत अशी साखळी सुरू करू इच्छिणाऱ्या वाचनालयांनी, युवक मंडळांनी, बचत गटांनी आणि शिक्षकांनी प्रश्न कसे घडवावेत, ते कसे पडताळावेत आणि स्पर्धा कशी चालवावी याचे मार्गदर्शन पुढे केले आहे.

सामान्य ज्ञान कोणाचे?

बाजारात मिळणाऱ्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत देशांच्या राजधान्या, चलने, पहिल्या व्यक्ती आणि सर्वांत उंच इमारती यांच्या याद्या असतात. या याद्या उपयोगी असल्या तरी त्यांच्यावर उभारलेली प्रश्नमंजूषा शेवटी त्याच पुस्तकाची पाठांतर-चाचणी ठरते, आणि ज्याने ते पुस्तक विकत घेतले तोच जिंकतो. ज्या मुलखात मोहफुलांचा हंगाम, धानाची जात, नदीचा पूर आणि वाघाचा माग यांचे ज्ञान घराघरात आहे, तेथे या ज्ञानाला ‘स्थानिक माहिती’ म्हणून बाजूला ठेवणे आणि दूरच्या देशाच्या चलनाला ‘सामान्य ज्ञान’ म्हणणे हा ज्ञानाच्या प्रतवारीतील अन्याय आहे.

म्हणून साखळीच्या संयोजकांनी एक तत्त्व आरंभीच मान्य करावे : सामान्य ज्ञानाची सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून व्हावी आणि तेथून ते जगापर्यंत जावे. मात्र जवळची गोष्ट आपल्याला माहीत आहे असे माणूस गृहीत धरतो आणि त्यामुळेच तिच्याविषयी सर्वांत जास्त चुका करतो, म्हणून स्थानिक प्रश्नाला जगाविषयीच्या प्रश्नापेक्षाही काटेकोर कसोटी लावावी लागते. त्या कसोटीचे तीन भाग आहेत : उत्तर एकच असणे, प्रश्नात काळ आणि हद्द स्पष्ट असणे, आणि उत्तराकडे जाण्याची वाट प्रश्नातच दडलेली असणे.

एका प्रश्नाला एकच उत्तर

‘ताडोबाची स्थापना केव्हा झाली?’ हा प्रश्न वरवर निर्दोष दिसतो. पण ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले, लगतचे अंधारी अभयारण्य १९८६ साली अस्तित्वात आले, आणि दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ साली आकाराला आला. एका संघाने १९५५ आणि दुसऱ्याने १९९५ लिहिले तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि चूक प्रश्न लिहिणाऱ्याची असते. हाच प्रश्न ‘महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ताडोबा कोणत्या वर्षी घोषित झाले?’ असा लिहिला की उत्तर १९५५ एवढेच उरते.

येथे ‘पहिले’ या शब्दाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान असले तरी राज्यातील पहिला व्याघ्र प्रकल्प हा मान मेळघाटाचा आहे, कारण देशात १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र योजनेच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प या तिन्ही संज्ञा कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. राष्ट्रीय उद्यानात मानवी वापरावरील निर्बंध सर्वांत कडक असतात, अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, आणि व्याघ्र प्रकल्पात गाभा क्षेत्र व त्याभोवतीचे बफर, म्हणजे गावे आणि जंगल सोबत नांदतात असे क्षेत्र, एकत्र मोजले जाते. प्रश्नात यांपैकी कोणती संज्ञा अभिप्रेत आहे हे लिहिलेच पाहिजे.

बांबूचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘बांबू हे झाड आहे की गवत?’ असा प्रश्न विचारल्यास वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने उत्तर ‘गवत’ असे येते, कारण बांबू गवताच्या कुळात मोडतो. परंतु १९२७च्या भारतीय वन कायद्याने बांबूची गणना वृक्षाच्या व्याख्येत केली होती, आणि ही नोंद २०१७ साली दुरुस्तीने काढण्यात आली. मधल्या काळात २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न, असल्याचे मान्य केले. त्याच कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे एवढा इतिहास असताना तो ‘वनस्पतिशास्त्रानुसार बांबू कोणत्या कुळात मोडतो?’ असा नेमका विचारावा आणि उत्तर जाहीर करताना कायद्याची बाजू दोन वाक्यांत सांगावी. त्यामुळे गुण कोणालाही मिळाले तरी माहिती सर्वांना मिळते.

काळ आणि हद्द

या दोन जिल्ह्यांविषयीच्या प्रश्नांत सर्वाधिक घोटाळा हद्दीमुळे होतो. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. त्यामुळे त्या तारखेपूर्वीची भामरागड, अहेरी, सिरोंचा किंवा आरमोरी येथील स्वातंत्र्योत्तर काळातील कोणतीही घटना प्रशासकीय दृष्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात घडलेली आहे. ब्रिटिश अमदानीत १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारने तयार केलेल्या जिल्ह्याच्या माहितीकोशात, ‘चांदा जिल्हा’ असे नाव आढळते आणि त्या नावात आजच्या गडचिरोलीचा बहुतेक भाग सामावलेला असतो. जुन्या ग्रंथातून क्षेत्रफळ, लोकसंख्या किंवा जंगलाचा आकडा उचलून तो आजच्या चंद्रपूरला चिकटवणे ही त्यामुळेच वारंवार होणारी चूक आहे.

राजुऱ्याची कथा उलट दिशेची आहे. राजुरा तालुका हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपूर जिल्ह्यात आला. म्हणूनच विदर्भात असूनही राजुऱ्यात १७ सप्टेंबर हा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाल्याचा दिवस पाळला जातो. ‘विदर्भातील कोणत्या तालुक्यात मराठवाड्याप्रमाणे १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा होतो आणि का?’ हा प्रश्न ज्याला सनावळी पाठ नाही त्यालाही विचार करायला लावतो, आणि उत्तर कळल्यावर नकाशाकडे पाहण्याची दृष्टी बदलतो.

बदलत्या आकड्यांच्या बाबतीत प्रश्नातच वर्ष किंवा स्रोत लिहावा. २०११च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि चंद्रपूरची २२,०४,३०७ होती, तर लोकसंख्येची घनता गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ इतकी, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. ‘२०११च्या जनगणनेनुसार’ हे शब्द गाळले तर हाच आकडा वादाचा विषय होतो. वाघांची संख्या, वीजनिर्मितीची क्षमता, मंत्र्यांची नावे आणि नामांतरित शहरे यांनाही हाच नियम लागू आहे. जिवती तालुक्याच्या सीमेवरील काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा असल्याने तेथील हद्दीसंबंधीचे प्रश्न साखळीत घेऊच नयेत, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर शासनांमध्येच अनिर्णित आहे त्यावर गुण देणे कोणत्याही पंचाला शक्य नाही.

उत्तराकडे नेणारी वाट

चांगला प्रश्न ज्याला उत्तर पाठ आहे त्यालाच बोलू देत नाही, तर ज्याच्याकडे तुकड्यातुकड्यांत माहिती आहे त्यालाही ती जोडण्याची संधी देतो. ‘वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीचे नाव काय?’ हा पाठांतराचा प्रश्न झाला. त्याऐवजी असे लिहावे : ‘बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावणारी एक नदी आणि सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी दुसरी नदी चपराळा अभयारण्याजवळ एकत्र येतात, तेथून पुढे महाराष्ट्र आणि तेलंगणा यांची सीमा आखत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळणाऱ्या प्रवाहाला कोणते नाव आहे?’ मुलताई हे ठिकाण ज्याला माहीत आहे तो वर्धेपर्यंत पोहोचतो, चपराळा ज्याने पाहिला आहे तो संगम ओळखतो, सिरोंचाकडून प्रवास केलेला पूल आठवतो, आणि संघातील तिघांचे तीन धागे एकत्र येऊन ‘प्राणहिता’ हे उत्तर तयार होते. संघाने खेळण्याचा अर्थ हाच आहे.

याच नदीवर पुढचा प्रश्न उभा राहू शकतो. त्र्यंबकेश्वरला उगम पावून नांदेड जिल्ह्यातून राज्याबाहेर गेलेली गोदावरी पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला कोणत्या तालुक्यात भेटते, असे विचारल्यास बहुसंख्य महाराष्ट्र गोंधळात पडेल आणि सिरोंचा तालुक्यातील शाळकरी मूल सहज उत्तर देईल. साखळीच्या प्रश्नसंचात अशा प्रश्नांना जागा दिली की दूरच्या तालुक्यातील संघाला आपले घर माहितीच्या नकाशावर असल्याची जाणीव होते.

तिसरे उदाहरण जगाशी जोडणारे आहे. सिरोंचा परिसरातील कोटा नावाच्या जुरासिक काळातील खडकथरांत १९५८ ते १९६१ या काळात एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडे सापडली, आणि १९७५ साली त्याला ‘बारापासॉरस टागोराय’ असे शास्त्रीय नाव देण्यात आले. ‘टागोराय’ हा भाग रवींद्रनाथ टागोर यांच्या स्मरणार्थ आहे, कारण १९६१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. आणि ‘बारा पा’ याचा अर्थ बंगाली भाषेत ‘मोठा पाय’ असा होतो. या प्राण्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत फाळणीनंतर पुनर्वसित झालेली बंगाली कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी एखादा खेळाडू संघात असेल तर नावाचा अर्थ विचारणारा प्रश्न तो घरच्या भाषेच्या बळावर सोडवू शकतो, आणि इतर संघांना शास्त्रीय नाव कसे घडते याचा धडा मिळतो.

पडताळणी आणि साधने

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन आधारांवर तपासल्याशिवाय ते प्रश्नवहीत घेऊ नये. दोन पुस्तकांनी एकाच तिसऱ्या पुस्तकातून मजकूर घेतला असेल तर ते दोन आधार मानता येत नाहीत, आणि भ्रमणध्वनीवर फिरत आलेला संदेश हा आधारच नाही. लोकसंख्या आणि साक्षरता यांसाठी जनगणना, जंगलाच्या व्याप्तीसाठी भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा द्वैवार्षिक अहवाल, इतिहास आणि स्थलनामांसाठी जिल्हा गॅझेटिअर, संज्ञांसाठी मराठी विश्वकोश, आणि नियुक्त्या व घोषणांसाठी शासकीय राजपत्र ही साधने बहुतेक तालुका वाचनालयांतून किंवा शासनाच्या संकेतस्थळांवरून मिळतात.

वनजिल्ह्यांत आणखी एक मोलाचे साधन आहे ते लोकजैवविविधता नोंदवहीचे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवरील समितीने आपल्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, पिकांची वाणे आणि त्यांच्याशी निगडित ज्ञान यांची ही नोंद करायची असते. तिच्यातून स्थानिक नावे, फुलण्याचे महिने आणि पिकांच्या जाती यांविषयी उत्तम प्रश्न निघतात. मात्र औषधी वनस्पतींचे नेमके उपयोग आणि देवस्थानांशी जोडलेले विधी हे त्या त्या समाजाचे राखलेले ज्ञान असते, म्हणून ग्रामसभेच्या संमतीशिवाय त्यांवर प्रश्न करू नयेत. तसेच गोटुलसारख्या संस्थेवर, म्हणजे गावातील तरुणांनी एकत्र येण्याच्या, शिकण्याच्या आणि गावाचे निर्णय घेण्याच्या जागेवर, कुतूहल चाळवणारे प्रश्न विचारणे हा तेथील माणसांचा अपमान ठरतो. कोणताही प्रश्न ज्यांच्याविषयी आहे ती माणसे समोर बसलेली आहेत असे समजून लिहावा. या मुलखात ती बहुधा खरोखरच बसलेली असतात.

भाषेचा न्याय

या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर झाडीबोली, गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली बोलली जाते. स्पर्धेची भाषा मराठी असली तरी तिचा उपयोग अडथळा म्हणून होता कामा नये. प्रश्न दोनदा, सावकाश आणि एकाच शब्दांत वाचावा, आणि लेखी उत्तरातील शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत. उच्चारावरून उत्तर ओळखता येत असेल तर ते बरोबर धरावे.

नावांच्या बाबतीत पर्यायी उत्तरांची यादी आधीच तयार ठेवावी. मोह, महुआ आणि तेलुगूतील इप्पा हे एकच झाड आहे. टेंभुर्णी, तेंदू आणि तुनिकी यांची पानेही एकच, ज्यांच्यापासून विड्या वळतात. यांपैकी कोणतेही नाव लिहिणाऱ्या संघाला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, आणि पंचाने ती सर्व नावे मोठ्याने वाचून दाखवावीत. अशा वाचनातून एका झाडाची वेगवेगळ्या भाषांतील नावे सभागृहात एकाच वेळी ऐकू येतात.

साखळीची रचना

गडचिरोलीत १२ आणि चंद्रपुरात १५ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक संघ धरून प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वतंत्र सामना खेळायचे ठरवल्यास गडचिरोलीत ६६ आणि चंद्रपुरात १०५ सामने होतात, जे सिरोंचा ते कोरची एवढ्या अंतराच्या जिल्ह्यात परवडणारे नाही. म्हणून गट पाडावेत. गडचिरोलीत देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा व कोरची यांचा उत्तर गट. गडचिरोली, धानोरा, चामोर्शी व मुलचेरा यांचा मध्य गट. आणि अहेरी, एटापल्ली, भामरागड व सिरोंचा यांचा दक्षिण गट असे तीन गट सहज पडतात. चंद्रपुरात याच रीतीने पाच-पाच तालुक्यांचे तीन गट करता येतात.

प्रत्येक गटातील सर्व संघांनी एकाच सभागृहात एकत्र बसून सर्व प्रश्नांची लेखी उत्तरे देण्याची पद्धत स्वीकारावी. एका संघाला प्रश्न विचारून तो चुकल्यास पुढच्याकडे सरकवण्याच्या पद्धतीत बसण्याचा क्रम निर्णायक ठरतो, आणि दुबळ्या संघाशेजारी बसलेल्याला फुकटचे गुण मिळतात. लेखी पद्धतीत सर्वांना तोच प्रश्न, तोच वेळ आणि तीच संधी मिळते. चार संघांच्या गटाने चार तालुक्यांत एकेक बैठक घेतली की प्रत्येक संघ एकदा आपल्या गावी आणि तीनदा बाहेर खेळतो. प्रत्येक बैठकीत पहिल्याला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २ आणि चौथ्याला १ गुण द्यावा. तिन्ही गटांच्या बैठका एकाच दिवशी, एकाच वेळी आणि एकाच प्रश्नसंचावर घ्याव्यात, कारण वेळा वेगळ्या असल्यास प्रश्न दुपारपर्यंत दुसऱ्या गटाला कळतात, आणि संच वेगळे असल्यास गटांची तुलनाच करता येत नाही. गटविजेते तिघे आणि दुसऱ्या क्रमांकावरील सर्वाधिक गुणांचा संघ अंतिम फेरीत खेळवावा.

वेळापत्रक ऋतूशी जुळवून घ्यावे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मार्च-एप्रिलमध्ये घरेच्या घरे मोहफुले वेचायला पहाटे जंगलात असतात, मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम आणि चंद्रपूरचे कडक ऊन असते. धानाची मळणी उरकल्यानंतरचा डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य आहे. मात्र याच दिवसांत वडसा, म्हणजे देसाईगंज, हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर चालतात, म्हणून प्रश्नमंजूषेची बैठक दुपारी ठेवावी.

संघ चौघांचा असावा आणि त्यात किमान एक सदस्य १८ वर्षांखालील व एक ५० वर्षांवरील असावा, तसेच किमान दोन स्त्रिया असाव्यात. या अटीमुळे केवळ अभ्यासिकेतील उमेदवारांचे संघ होत नाहीत आणि घरातील मोठ्यांच्या ज्ञानाला जागा मिळते. प्रत्येक बैठकीत दहा प्रश्नांच्या चार फेऱ्या ठेवाव्यात : पहिली जिल्ह्याची, दुसरी महाराष्ट्राची, तिसरी देश आणि जगाची, आणि चौथी ओळख फेरी. ओळख फेरीत चित्रे व पक्ष्यांचे आवाज यांच्याबरोबर वस्तू ठेवाव्यात. एका परातीत वाळलेले मोहफूल, हिरडा, बेहडा, चारोळी आणि डिंकाचा खडा मांडून ती प्रत्येक मेजावर दोन मिनिटे फिरवली, तर मोहफूल पाहून शहरातला विद्यार्थी मनुका लिहितो आणि शेजारची आजी नुसत्या वासावरून अचूक उत्तर देते. ज्ञान हाताला, नाकाला आणि डोळ्यांनाही असते हे अशा फेरीतून सर्वांना समजते.

प्रत्येक फेरीतील तीन प्रश्न सोपे, पाच मध्यम आणि दोन कठीण असावेत. बैठक संपल्यावर कोणता प्रश्न किती संघांनी सोडवला याची नोंद ठेवावी, कारण जो सर्वांना आला किंवा कोणालाच आला नाही तो संघांतील फरक दाखवत नाही. बरोबरी झाल्यास अंदाजाचा प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ ‘२०११च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या किती?’, आणि खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्याला विजयी घोषित करावे. हरकत घेण्यासाठी प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटे द्यावीत. हरकत लेखी असावी आणि पंचाने आधार दाखवून निर्णय द्यावा. दोन उत्तरे आधारासह बरोबर ठरल्यास दोन्हींना गुण द्यावेत, आणि प्रश्नच सदोष निघाल्यास तो सर्वांसाठी रद्द करावा. चूक मान्य करणारा पंच साखळीची प्रतिष्ठा वाढवतो.

नमुना फेरी

जिल्ह्याच्या फेरीसाठी पुढील दहा प्रश्न नमुन्यादाखल दिले असून प्रत्येकापुढे उत्तर व आवश्यक तेथे स्पष्टीकरण आहे.

१. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा ते गाव कोणत्या जिल्ह्यात होते? उत्तर : चंद्रपूर.

२. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आहेत. त्यांपैकी जटपुरा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे तीन असल्यास चौथा कोणता? उत्तर : बिनबा. या परकोटाला दरवाज्यांखेरीज पाच खिडक्याही आहेत. येथे खिडकी म्हणजे पायी जाण्यायेण्याचे लहान द्वार.

३. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आलेला मोलमपल्लीचा जमीनदार कोण? उत्तर : वीर बाबुराव शेडमाके.

४. नागपूर येथील १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर दोन दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोणत्या शहरात अनुयायांना दीक्षा दिली? उत्तर : चंद्रपूर.

५. १६ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीत मोठा उठाव झालेले चंद्रपूर जिल्ह्यातील गाव कोणते? उत्तर : चिमूर.

६. यशवंतराव चव्हाण यांच्यानंतर मुख्यमंत्रिपदी आलेले आणि १९६३ साली पदावर असतानाच निधन पावलेले चंद्रपूर जिल्ह्याचे सुपुत्र कोण? उत्तर : मारोतराव कन्नमवार.

७. भामरागडच्या त्रिवेणी संगमातील दोन नद्या इंद्रावती आणि पामुलगौतमी आहेत, तर तिसरी कोणती? उत्तर : पर्लकोटा.

८. केंद्र शासनाने अतिअसुरक्षित मानलेल्या आदिम जमातींपैकी महाराष्ट्रात तीन आहेत. कातकरी आणि कोलाम यांच्याखेरीज तिसरी कोणती? उत्तर : माडिया गोंड.

९. महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून २०१४ साली घोषित झालेले जुन्या सागवृक्षांचे वन कोणत्या गावाच्या नावाने ओळखले जाते? उत्तर : आलापल्ली.

१०. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत केलेल्या ज्या कामाचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ते काम कशासंबंधी होते? उत्तर : प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरीच घ्यायच्या नवजात बालकांच्या काळजीसंबंधी.

फेरीनंतरचे काम

निकाल जाहीर झाला की बैठक संपली असे मानू नये. प्रत्येक उत्तरामागील कारण सांगण्यासाठी फेरीइतकाच वेळ राखून ठेवावा, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर एकाही संघाला आले नाही तो यजमान तालुक्याच्या वाचनालयातील फळ्यावर पुढच्या बैठकीपर्यंत लिहून ठेवावा. सर्व प्रश्न, त्यांची पर्यायी उत्तरे, आधार आणि आलेल्या हरकती यांची एक जाड प्रश्नवही वाचनालयात कायम असावी. नदीच्या एका नावावरून झालेला वाद, पंचाने मान्य केलेली एक चूक, एखाद्या आजीने सांगितलेले झाडाचे चौथे नाव या सगळ्या नोंदी तारखेसह त्या वहीत जाव्यात. काही हंगामांनंतर त्या तालुक्याविषयी तेथील लोकांनी स्वतः तपासून लिहिलेला एक माहितीकोश हाती येईल, आणि १९०९ साली बाहेरच्या अधिकाऱ्यांनी या मुलखाविषयी लिहिलेल्या ग्रंथाशेजारी तो ठेवता येईल. त्या माहितीकोशापर्यंत पोहोचणारी प्रत्येक नोंद एका नेमक्या प्रश्नाने सुरू होत असल्यामुळे संयोजकांनी सर्वाधिक वेळ आणि काळजी प्रश्न लिहिण्यावरच खर्च करावी.